मतदार लेबल

मतदार लेबल : निवडणूक प्रचारात मतदाराच्या नावापुढे किंवा मोबाइल क्रमांकापुढे लावलेली खूण. मतदार कुठल्या गल्लीतला, घरात कोणती भाषा बोलतो, त्याची तक्रार काय आणि मुख्य म्हणजे तो ‘आपला’ आहे की नाही, हे एकदोन शब्दांत नोंदलेले असते. निरोप, फोन, घरभेट आणि मतदानाच्या दिवशीची बोलावणी पुढे त्याच खुणेवर चालतात.

ही पद्धत मोबाइलच्या आधीची आहे. मतदार यादी भागांत विभागलेली असते. साधारणपणे एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र. यादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. फोन, जात, भाषा यांतले काहीही नसते. बूथप्रमुख या यादीच्या झेरॉक्सवर पेनाने बरोबरची खूण, फुली किंवा प्रश्नचिन्ह करी आणि कडेला ‘मयत’, ‘दुबार’, ‘पुण्याला’ असे लिही. प्रश्नचिन्ह म्हणजे कुंपणावरचा. प्रचाराचा खरा घाम याच्यासाठी गाळायचा. हीच झेरॉक्स आता फोनमध्ये गेली आहे. मात्र निवडणूक आयोग यादी शोधता येईल अशा स्वरूपात देत नाही, चित्ररूपात देतो. शोधता येईल अशा यादीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. त्यामुळे नावे पुन्हा मजकुरात उतरवून विकणाऱ्यांचा हंगामी धंदा उभा राहिला आहे.

यादीत नसलेला मोबाइल क्रमांक येतो तो मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकातून, आरोग्य शिबिराच्या नोंदवहीतून, बचत गटाच्या यादीतून. संक्रांतीनंतरचे, म्हणजे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतले हळदीकुंकूही यासाठी सोयीचे पडते : वाण घेताना नाव आणि नंबर लिहून द्यायचा. मग कार्यकर्त्याच्या फोनमध्ये एखादा संपर्क ‘अक्का विडी घरकुल ५ मते पाणी’ अशा नावाने जतन होतो. नात्याची हाक, वस्ती, घरातली मते आणि तक्रार, सगळे एका ओळीत. सोलापुरात ‘पाणी’ हे लेबल तसे निरुपयोगीच; नळाला दिवसाआड नव्हे, काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते कोणाला लावायचे नाही?

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ मध्ये आले ते दुकानदारांसाठी. ‘नवीन ग्राहक’, ‘पैसे येणे बाकी’ ही त्यातली तयार लेबले पुसून तिथे प्रभाग आणि भाग क्रमांक लिहिले की काम भागते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर जतन केलेला नाही, त्याला निरोप पोचत नाही. म्हणून घरभेटीत ‘माझा नंबर सेव्ह करा की’ हा आग्रह असतो.

सोलापुरात भाषेचे लेबल सर्वांत मोलाचे आणि सर्वांत फसवे. पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांची तेलुगू वस्ती मोठी आहे; शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारी घरेही बरीच. एकच ध्वनिमुद्रित निरोप सगळीकडे पाठवणे म्हणजे पैसे वाया. पण आडनावावरून भाषा किंवा जात ठरवणारी तयार सॉफ्टवेअरे इथे हमखास चुकतात. ‘पाटील’ लिंगायत असेल, मराठा असेल, जैनही असेल. तेलुगू आडनावे यादीत मराठी वळणाने, एकाच घरात दोन तऱ्हांनी छापलेली सापडतात. गल्लीतल्या माणसाने तपासल्याशिवाय असल्या लेबलाला किंमत नाही.

महापालिकेत गोष्ट आणखी अवघड होते. २०१७ च्या निवडणुकीत २६ प्रभागांतून १०२ सदस्य निवडायचे होते. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदाराला चार मते. एकच मतदार ‘अ’ला आपला आणि ‘ड’ला परका असू शकतो. नुसते ‘आपला’ हे लेबल तिथे पुरत नाही.

मतदानाच्या दिवशी महत्त्व येते ते ‘पुण्याला’ या खुणेला. शिकायला, नोकरीला गेलेल्यांना आठवडाभर आधीपासून फोन जातात. गाडीची सोय करून देण्याचा मोह मात्र धोक्याचा : मतदारांना केंद्रावर फुकट ने-आण करणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते. धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागणेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने ही मनाई मतदाराच्या धर्म-जात-भाषेलाही लागू केली. म्हणजे लेबलावरून तेलुगूत निरोप पाठवणे वेगळे आणि ‘तेलुगू आहात म्हणून मत द्या’ म्हणणे वेगळे. ‘लाभार्थी’ लेबलासाठी सर्वेक्षणाच्या नावाखाली निवडणुकीनंतरच्या योजनांची नोंदणी करून घेऊ नये, असे निवडणूक आयोगाने २ मे २०२४ रोजी पक्षांना बजावले. सोलापूर लोकसभेचे मतदान तेव्हा पाच दिवसांवर होते.

लेबलांची मालकी हा न सुटलेला प्रश्न. ती बहुधा पक्षाच्या कार्यालयात नसतात, कार्यकर्त्याच्या खासगी फोनमध्ये असतात. तो दुसऱ्या पक्षात गेला की यादीही जाते, आणि ‘आपला’ हा शब्द न खोडताच त्याचा अर्थ उलटतो.