लष्करी सेवा आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार

अमेरिकेच्या संविधानाने अध्यक्षपदासाठी तीनच पात्रता सांगितल्या आहेत : जन्मसिद्ध नागरिकत्व, किमान ३५ वर्षे वय आणि देशात १४ वर्षांचे वास्तव्य. गणवेश कधी अंगावर चढवला होता का, हे संविधान विचारत नाही. मतदार मात्र दोनशे वर्षे विचारत आले आहेत. त्याचे मूळ संविधानाच्याच दुसऱ्या अनुच्छेदात आहे, कारण त्यानुसार अध्यक्ष हा सैन्याचा सरसेनापती असतो. भारतातही तिन्ही दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण ते नावापुरते; निर्णय मंत्रिमंडळाचा. अमेरिकेत हुकूम एकाच व्यक्तीचा चालतो. ज्याच्या शब्दावर इतरांची मुले लढायला जाणार, तो स्वतः कधी गेला होता का, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘हो’ असले की मते मिळतात, असा समज आहे. निवडणुकांचा इतिहास पाहिला तर हा समज अर्धाच खरा ठरतो.

पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन सेनापतीच होते. पण त्यांची पुण्याई लढायांपेक्षा राजीनाम्याची अधिक. स्वातंत्र्ययुद्ध आटोपल्यावर २३ डिसेंबर १७८३ रोजी अ‍ॅनापोलिस येथे त्यांनी काँग्रेससमोर सेनापतिपद सोडले आणि ते आपल्या शेतीवर परतले. राजाला नुकतेच झुगारलेल्या प्रजासत्ताकाला विजयी सेनापतीची धास्ती वाटणारच. ती धास्ती त्यांनीच घालवली.

अँड्र्यू जॅक्सन यांच्यापासून युद्धकीर्ती हे उघड निवडणुकीचे भांडवल झाले. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लीन्सला त्यांनी ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. तहावर सह्या पंधरा दिवसांपूर्वीच युरोपात झाल्या होत्या, पण बातमी समुद्रावरच होती. लढाईने युद्धाचा निकाल बदलला नाही, जॅक्सन यांचे आयुष्य मात्र बदलले. १८२८ मध्ये ते निवडून आले. त्याच प्रचारात विरोधकांनी शवपेट्यांची चित्रे असलेली पत्रके वाटली : जॅक्सन यांच्या आमदानीत मृत्युदंड झालेल्या मिलिशियातल्या, म्हणजे नागरी फौजेतल्या, सहा सैनिकांच्या त्या पेट्या. उमेदवाराची तलवार त्याच्यावरच उलटवण्याची रीत अशी तेव्हापासूनची आहे.

१८४० साली व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन यांना उभे केले. १८११ च्या टिपेकनूच्या लढाईवरून ‘टिपेकनू अँड टायलर टू’ ही घोषणा निघाली (टायलर हे त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार) आणि व्हर्जिनियातल्या सधन मळेवाल्या घराण्यातले हॅरिसन लाकडी झोपडीतले साधे शिपाईगडी म्हणून लोकांपुढे आले. पुढे १८४८ मध्ये त्याच पक्षाने मेक्सिको युद्धातले जनरल झॅकरी टेलर यांना निवडले. टेलर यांनी तोवर अध्यक्षीय निवडणुकीत कधी मतही दिले नव्हते.

याच निवडणुकीत प्रतिनिधिगृहातल्या एका तरुण सदस्याने विरोधी उमेदवार लुईस कॅस यांच्या युद्धकथांची यथेच्छ टर उडवली. कॅस यांनी म्हणे तलवार मोडली. मग मीही एकदा चुकून बंदूक वाकवली होती. रानकांद्यांवर मी त्वेषाने चाल केली, डासांशी तर कितीतरी रक्तरंजित चकमकी झाल्या. उद्या मला कोणी अध्यक्षपदाला उभे केलेच, तर मला युद्धवीर ठरवून माझी चेष्टा करू नका. या आशयाचे बोलणारा सदस्य म्हणजे अब्राहम लिंकन. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात ते स्वयंसेवक तुकडीचे कप्तान होते, पण लढाई त्यांच्या वाट्याला आली नव्हती. गंमत अशी, की हे भाषण ते स्वतः एका जनरलसाठी मते मागताना करत होते.

१८५२ च्या निवडणुकीत मेक्सिको शहर जिंकणारे जनरल विनफिल्ड स्कॉट आणि त्यांच्याच हाताखाली ब्रिगेडियर असलेले फ्रँकलिन पिअर्स समोरासमोर आले. पिअर्स त्या मोहिमेत घोड्यावरून पडून जायबंदी झाले होते. त्यांच्या मद्यपानावर बोट ठेवत विरोधकांनी त्यांना बाटल्यांशी झुंजणारा वीर म्हटले. तरीही ३१ पैकी २७ राज्ये पिअर्स यांनी जिंकली. गुलामगिरीच्या प्रश्नावर व्हिग पक्ष आतून फाटला होता आणि तो जनरलच्या टोपीखाली झाकता आला नाही.

यादवी युद्धानंतरची तीन दशके हा या परंपरेचा सुगीचा काळ. ग्रँट, हेझ, गारफील्ड, बेंजामिन हॅरिसन आणि मॅकिन्ले हे पाचही अध्यक्ष रिपब्लिकन, उत्तरेच्या सैन्यातले आणि ओहायोत जन्मलेले. ज्या बाजूने लढलात तिलाच मत द्या, अशी हाक माजी सैनिकांना दिली जाई. युद्धाच्या जखमा पुन्हा उकरून मते मागण्याला ‘रक्ताळलेला सदरा फडकवणे’ असा वाक्प्रचार रूढ झाला. ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या माजी सैनिकांच्या संघटनेचा दबदबा इतका, की निवृत्तिवेतन हा राजकारणाचा मोठा विषय होऊन बसला.

या काळात ग्रोव्हर क्लीव्हलँड निवडून कसे आले, हे पाहण्यासारखे आहे. १८६३ च्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यात दोन पळवाटा होत्या : ३०० डॉलर भरा, नाहीतर आपल्या जागी दुसरा माणूस पाठवा. क्लीव्हलँड यांनी १५० डॉलर देऊन पोलंडहून आलेल्या एका स्थलांतरिताला पाठवले. आई आणि बहिणींचा भार आपल्यावर आहे, हे त्यांचे कारण. १८८४ मध्ये हा आरोप पुरता पेटलाच नाही, कारण प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन यांनीही बदली माणूसच पाठवला होता. अडचण पुढे झाली. १८८७ मध्ये क्लीव्हलँड यांनी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला आणि दक्षिणेची जप्त निशाणे परत करण्याचा आदेशही त्यांच्या नावे निघाला. माजी सैनिक खवळले, निशाणांचा आदेश मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी माजी ब्रिगेडियर हॅरिसन यांनी त्यांना हरवले; एकूण मते मात्र क्लीव्हलँड यांनाच जास्त होती.

एकोणिसावे शतक सरता सरता थिओडोर रूझवेल्ट यांनी क्युबातल्या एका टेकडीवरच्या चढाईचे सोने केले : जुलै १८९८ मध्ये लढाई, त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कचे गव्हर्नरपद. पण विल्सन आणि फ्रँकलिन रूझवेल्ट हे दोन महायुद्धांतले सरसेनापती कधीच सैन्यात नव्हते, याची आठवण क्वचितच काढली जाते.

हॅरी ट्रुमन यांच्यापासून थोरल्या बुशपर्यंत, म्हणजे १९४५ ते १९९३, प्रत्येक अध्यक्षाने कधी ना कधी गणवेश घातलेला होता. आयझेनहॉवर सरसेनानी होते, तर रेगन यांनी क्षीण दृष्टीमुळे युद्धकाळ लष्कराच्या चित्रपट विभागात काढला. जॉन केनेडी यांची पीटी-१०९ ही नौका ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेच्या धडकेने दुभंगली. साथीदारांना त्यांनी पोहत बेटावर नेले, आणि नारळाच्या कवटीवर निरोप कोरून मदत मागवली. १९६० च्या प्रचारात त्या नौकेच्या आकाराच्या टायपिना वाटल्या गेल्या. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या प्राथमिक निवडणुकीत केनेडींच्या गोटातून पक्षातले प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी महायुद्धात भरती टाळल्याची कुजबुज पसरवली गेली. ज्याच्याकडे शौर्यकथा आहे त्याच्या पक्षाला ती तेवढ्यावर पुरत नाही, असे दिसते.

उलट जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी बी-२४ या बाँबफेकी विमानातून युरोपवर ३५ मोहिमा केल्या होत्या. १९७२ मध्ये ते व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभे राहिले, स्वतःच्या युद्धकाळाबद्दल फारसे बोलले नाहीत, आणि ५० पैकी ४९ राज्ये हरले. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस शिरस्त्राण घालून रणगाड्यातून फिरले. ते चित्र इतके हास्यास्पद ठरले, की विरोधकांनी त्याचीच जाहिरात केली. डुकाकिस यांनी कोरियात लष्करी सेवा केली होती, हे कोणाच्या ध्यानीही राहिले नाही.

व्हिएतनामने प्रश्नाचे रूपच बदलले. आधी ‘काय पराक्रम केला’ असे विचारत. आता ‘कसे सुटलात’ असे विचारू लागले. भरती स्थानिक मंडळांमार्फत होई आणि महाविद्यालयात असणाऱ्याला, वैद्यकीय दाखला मिळवणाऱ्याला किंवा नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलात जागा पटकावणाऱ्याला बहुधा युद्धापासून दूर राहता येई. या वाटा सुखवस्तू, शिकलेल्या मुलांना अधिक ठाऊक होत्या. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत निघाली. त्यात बिल क्लिंटन यांचा क्रमांक ३११ आला, म्हणजे बोलावणे येण्याची शक्यता जवळपास नव्हती. दोनच दिवसांनी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला पत्र लिहून भरतीपासून वाचवल्याबद्दल आभार मानले. फेब्रुवारी १९९२ मध्ये ते पत्र उजेडात आले, तरी नोव्हेंबरात क्लिंटन यांनी विमान पाडले जाऊनही बचावलेल्या नौदल वैमानिक बुश यांना हरवले. १९९६ मध्ये त्यांनी बॉब डोल यांना हरवले. १९४५ साली इटलीत जखमी झाल्यापासून डोल यांचा उजवा हात निकामी होता.

या सगळ्याचा कळस २००४ मध्ये झाला. व्हिएतनाममध्ये ‘स्विफ्ट बोट’ या गस्ती नौकेवर लढलेले जॉन केरी डेमोक्रॅटिक उमेदवार होते. त्यांच्याकडे सिल्व्हर स्टार आणि ब्राँझ स्टार ही शौर्यपदके आणि जखमी झाल्याबद्दलची तीन पर्पल हार्ट होती. बोस्टनच्या अधिवेशनात त्यांनी सलाम ठोकून ‘सेवेला हजर’ असे म्हणत भाषण सुरू केले. ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ या गटाच्या जाहिराती आल्या : पदके खोट्या आधारावर मिळाली, असा त्यांचा दावा. केरींच्या नौकेवरच्या बहुतेक सोबत्यांनी त्यांचीच बाजू घेतली, आणि नौदलाच्या नोंदीही केरींच्याच बाजूच्या होत्या. तरी उत्तर द्यायला त्यांनी उशीर केला. रागाचे खरे मूळ पदकांत नव्हते. परतल्यावर केरी युद्धविरोधी झाले होते आणि २२ एप्रिल १९७१ रोजी सिनेटच्या समितीपुढे अमेरिकन सैनिकांच्या अत्याचारांबद्दल त्यांनी साक्ष दिली होती; अनेक माजी सैनिकांना तो विश्वासघात वाटला. तिकडे धाकट्या बुश यांच्या टेक्सास एअर नॅशनल गार्डमधल्या सेवेवर सीबीएसने सप्टेंबरात कागदपत्रे दाखवली. ती अस्सल असल्याचे वाहिनीला सिद्ध करता आले नाही, आणि मूळ प्रश्नच बाजूला पडला. निवडणूक बुश जिंकले. उमेदवाराची अशी बदनामी करण्याला ‘स्विफ्टबोटिंग’ हा शब्द इंग्रजीत तेव्हापासून राहिला.

सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, आणि सेवेचा अनुभव असलेले मतदार व नेते दोन्ही घटत गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काँग्रेसच्या ७० टक्क्यांहून अधिक सदस्यांनी सेवा केलेली होती. आज हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आहे. हनोईत साडेपाच वर्षे युद्धकैदी राहिलेले जॉन मॅकेन २००८ मध्ये ओबामांकडून हरले. जुलै २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आयोवात मॅकेन यांच्याबद्दल म्हटले, की शत्रूच्या हाती न सापडलेले लोक मला आवडतात. स्वतः ट्रम्प यांना व्हिएतनामच्या काळात पाच वेळा सवलत मिळाली होती, त्यांतली एक टाचेच्या हाडासाठी. त्यांची उमेदवारी संपली, असे अनेक जाणकारांनी तेव्हा लिहिले.

२०२४ मध्ये हा वाद उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांवर सरकला. मरीन म्हणून इराकमध्ये राहून आलेल्या जे. डी. व्हान्स यांनी टिम वॉल्झ यांना धारेवर धरले : चोवीस वर्षांच्या नॅशनल गार्ड सेवेनंतर, तुकडी इराकला जाण्याआधी ते निवृत्त का झाले? वर दोघांच्या पक्षांनी अध्यक्षपदासाठी उभे केलेले ट्रम्प आणि कमला हॅरिस, दोघेही सैन्यात कधीच नव्हते.