एकादशी, दुप्पट खाशी आणि छत्तीस उपाशी

आषाढी एकादशीला दुपारी चार वाजता आमच्या स्वयंपाकघरात जेवढी वर्दळ असायची, तेवढी दिवाळीतही नसायची. सकाळी साबुदाण्याची खिचडी झालेली. दुपारी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. तरी चारला कुणी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा उघडतंय, कुणी केळ्याच्या वेफर्सचा पुडा फोडतंय. एरवी हीच मंडळी त्या वेळी अर्ध्या कप चहावर खूश असायची.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीत थट्टा आहे आणि थट्टेच्या आड एक आरोप: उपास नावाला, जिभेवर ताबा कसला तो नाही. हा आरोप मला हल्ली पटेनासा झालाय. कारण आयुष्यात एकही एकादशी न केलेली, पण दर जानेवारीत ‘आता साखर बंद, भात बंद’ असं जाहीर करणारी माणसंही याच वाटेने जातात आणि फेब्रुवारीत रात्री अकराला फ्रिज उघडून उभी असतात. एवढ्या सगळ्यांची जीभ एकदम चळली असेल, हे काही खरं वाटत नाही.

१९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांमध्ये, एक प्रयोग सुरू झाला. युरोपात युद्ध चालू होतं आणि उपासमारीने खंगलेल्या माणसांना पुन्हा अन्नावर आणायचं कसं, याची पक्की माहिती कुणाकडेच नव्हती. ती मिळवायला अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. हत्यार उचलणं मनाला पटत नाही म्हणून लढाईवर जायला नकार दिलेले हे तरुण आपणहून पुढे आले होते. पहिले १२ आठवडे त्यांना रोज सुमारे ३,२०० कॅलरींचं जेवण मिळालं. पुढचे २४ आठवडे जवळपास निम्मं: बटाटे, सलगमसारखे कंद, काळसर पाव, मॅकरोनी. दिवसातून दोनदा जेवण आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चाल. वजन साधारण पाव हिश्शाने उतरवायचं ठरलं होतं.

निम्मं म्हणजे तरी किती, तर १,६०० कॅलरींच्या आसपास. आज मोबाइलवर फिरणाऱ्या डाएटच्या तक्त्यांत हा आकडा चक्क उदार ठरेल. रोज मैलोन्मैल चालणाऱ्या त्या पुरुषांसाठी मात्र ती उपासमार होती.

शरीराने जे केलं ते समजण्यासारखं आहे. उत्पन्न घटलं की घर जसं खर्च आवळतं, तसं. नाडी मंदावली, पडल्यापडल्या होणारा ऊर्जेचा खर्चही सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. ऐन जुलैत अंगावर पांघरूण लागायचं. मांस इतकं झडलं की साध्या खुर्चीवर बसलं तरी हाडं टोचायची.

मनाचं जे झालं ते मात्र वाचून थक्क व्हायला होतं. जेवणाची कधी फारशी पर्वा न केलेले हे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, रात्री ती वाचत पडू लागले. सिनेमातल्या प्रेमप्रसंगात रस उरला नाही. पडद्यावरचे लोक काय खातायत तिकडे डोळे. ताटलीतलं अन्न पाण्यात कालवून, चिवडून, पुरवून पुरवून खायचं आणि शेवटी ताटली चाटायची. काहींचं एक जेवण दोन तास चाले. एकाने तर च्युइंगमची दिवसाला ४० पाकिटं चघळायला सुरुवात केली. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या तिघांनी स्वयंपाक हाच पेशा पत्करला, असं नोंदलं गेलंय.

मग पोटभर जेवण सुरू झालं, तर भूक भागेना. तडस लागेपर्यंत खाल्लं तरी ‘अजून हवं’ वाटायचं, काहींना महिनोन्‌महिने. वजन भरून आलं तेव्हा अंगावरची चरबी आधीपेक्षाही जास्त झाली होती. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० साली या सगळ्याचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. आत काय घडत होतं, हे कळायला मात्र पुढची चाळीसएक वर्षं जावी लागली.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला कोठारातल्या शिलकीची खबर देतं. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना घ्रेलिन सापडलं. ते मुख्यतः जठरातून येतं आणि भूक चाळवतं. गंमत अशी, की नेहमीच्या जेवणवेळेच्या थोडं आधी घ्रेलिन आपसूक चढतं. ऑफिसात एकचा डबा खाणाऱ्याला पावणेएकला कामात लक्ष लागत नाही, त्यात या हार्मोनचाही हात असतो.

खाणं एकदम तोडलं की लेप्टिन झपाट्याने उतरतं, चरबी घटते त्याहूनही वेगाने. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० स्थूल व्यक्तींना १० आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. वर्षभराने पाहिलं तरी त्यांची भुकेची हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नव्हती आणि भूक पहिल्यापेक्षा जास्तच होती. हा अभ्यास २०११ चा. वर्षभर अशी भूक सोसणाऱ्याला ‘जरा मनावर ताबा ठेव’ म्हणून सांगणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं.

पण थांबा. एका दिवसाच्या एकादशीने कुणाची उपासमार होत नाही. त्यात आपल्या खिचडीत साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर शेंगदाण्याचा कूट आणि तूप; कॅलरींची टंचाई दूरच. तरी दुप्पट का खाल्लं जातं?

त्यासाठी १९७५ चा एक छोटा प्रयोग पाहू. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना चव पाहण्याच्या निमित्ताने बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि चाखून मत द्या, हवं तेवढं खा, असं सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, सरळ हिशेब. डाएट सांभाळणाऱ्यांचं उलटं झालं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता कशाला मागे राहायचं? आपल्याकडचं ‘मोडलाच आहे उपास, तर होऊन जाऊ दे’ ते हेच.

लहान मुलांतही हे दिसतं. जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी १९९९ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांपुढे एक खाऊ पारदर्शक बरणीत ठेवला. तो दिसायचा, पण ठरावीक मिनिटंच मिळायचा. शेजारी तसाच दुसरा खाऊ मोकळा होता. मुलांचं बोलणं, मागणं, हात पुढे करणं, सगळं बरणीतल्या खाऊकडे वळलं. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर लाडवांचा डबा ठेवणाऱ्या घरांत वेगळं काय होतं? स्टूल ओढत नेल्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे सांगायला नको.

म्हणून ‘चीट डे’ या शब्दाचा मला राग येतो. आठवड्याचा एक दिवस लबाडीचा असेल, तर उरलेले सहा दिवस पहाऱ्याचे. पुरणपोळीला ‘पाप’ आणि काकडीला ‘पुण्य’ म्हटलं की प्रत्येक घासाला हिशेब चिकटतो आणि हिशेब चुकला की वहीच फेकून दिली जाते.

सगळं खापर बंधनांवरही फोडता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, बहुतांशी पाकिटातलं अन्न दिलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं. पुढ्यात ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, चरबी, मीठ सारखंच. खा हवं तेवढं. पाकिटातल्या अन्नाच्या दिवसांत त्यांच्या पोटात रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त गेल्या आणि खाण्याचा वेगही जास्त होता. ‘शरीराचं ऐका’ हा सल्ला भाकरी-पिठल्यापुढे चालतो. वेफर्सच्या पुड्यापुढे शरीराचा आवाज येईस्तोवर पुडा संपलेला असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांत पथ्य पाळावंच लागतं, तेही आहेच. फक्त पथ्याला शिक्षेचं रूप दिलं की ते टिकत नाही. वेळेवर जेवण, ताटात डाळ-उसळ आणि भाजी भरपूर, गोड असेल तर ताटातच, चोरून नाही, एवढं बहुतेकांना पुरतं. आणि खाण्याचाच विचार दिवसभर पिच्छा सोडत नसेल, खाऊन मुद्दाम उलटी केली जात असेल, घरच्यांपासून लपून खाल्लं जात असेल, तर तो आजार आहे. त्यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं, नव्या डाएटकडे नाही.

माझी आत्या पन्नासएक वर्षं दर पंधरवड्याला एकादशी करायची. दिवसभरात एखादं केळं आणि रात्री कपभर दूध. द्वादशीला सकाळी वरणभात, रोजच्याइतकाच. दुप्पट कधी नाही. एका आषाढीला पाहुण्यांसाठी कोथिंबीरवडी तळता तळता कुरकुरीत झाली का बघायला तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिच्या लक्षात आलं. आम्ही मुलं ओरडलो, “आत्या, मोडला उपास!” तिने तो तुकडा शांतपणे चावून गिळला, झारा पुसला आणि म्हणाली, “खाल्ली खरी. सांगते विठोबाला.” पुढचा घाणा तळायला घेतला. रात्री नेहमीसारखं कपभर दूध प्यायली आणि झोपली.