पदपथाखालून विजेची नळी नेताना: नागपुरातील परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

आवाराच्या भिंतीपासून पदपथापलीकडच्या आपल्याच जागेपर्यंत विजेची तार न्यायची असेल, तर काम जेमतेम दोन-अडीच मीटरचे असते. त्यामुळे पुष्कळ जण एखाद्या सुटीच्या दिवशी चार गट्टू उचलतात, नळी टाकतात आणि गट्टू पुन्हा बसवून मोकळे होतात. वास्तविक घरासमोरचा पदपथ आपण स्वखर्चाने बांधला असला, तरी तो सार्वजनिक रस्त्याचा भाग असतो आणि त्याखालची जमीनही सार्वजनिकच असते. पदपथ न फोडता खालून पाइप सारला तर परवानगी कशाला, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु पाइप सारण्यासाठी दोन्ही बाजूंना खड्डे घ्यावे लागतात, त्यांतला बाहेरचा खड्डा रस्त्याच्या हद्दीतच येतो आणि खालून गेलेली नळी कायमची सार्वजनिक जागेत राहते. म्हणून पद्धत कोणतीही असो, परवानगी आवश्यकच आहे.

अर्जाआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे शोधावे. शहरातील बहुतेक अंतर्गत रस्ते महानगरपालिकेचे आहेत, पण काही अभिन्यासांत (लेआउटमध्ये) नागपूर सुधार प्रन्यासाचा संबंध येतो, तर काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहेत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज फेटाळलाही जात नाही, तो नुसता पडून राहतो, आणि अर्जदाराचा उन्हाळा त्यात निघून जातो. महानगरपालिकेचा रस्ता असल्यास लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी या 10 झोनपैकी आपल्या झोनच्या कार्यालयात बांधकामाचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांकडे चौकशी करावी. गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणाच्या आतील पायवाट मात्र खासगी असते, तेथे संस्थेची लेखी संमती घ्यावी.

पात्रतेचा विचार मालमत्तेसोबतच वीजजोडणीच्या अंगानेही करावा लागतो. वीज अधिनियम 2003 च्या कलम 126 नुसार ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर आहे ती सोडून अन्य जागेसाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. म्हणजे रस्त्यापलीकडील वेगळ्या भूखंडावर, टपरीवर किंवा शेजाऱ्याच्या बांधकामावर आपल्या मीटरमधून वीज नेण्यासाठी खोदकामाची परवानगी मिळाली, तरी तो वापर वैध होत नाही. अशा जागेसाठी महावितरणकडे स्वतंत्र जोडणी मागावी. पदपथापलीकडे दिवा हवा असल्यास बहुतेक वेळा महानगरपालिकेकडे पथदिव्याची मागणी करणे हाच सरळ मार्ग असतो. हा भाग मी मुद्दाम विस्ताराने मांडतो आहे, कारण कागदपत्रांच्या धावपळीत नेमका याकडेच काणाडोळा होतो.

अर्जासोबत सामान्यतः आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा मालकीचा अन्य पुरावा, मालमत्ता कराची चालू पावती, अलीकडचे वीज देयक, अर्जदाराचे ओळखपत्र, परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत आणि पदपथ पूर्ववत करून देण्याचे हमीपत्र जोडावे. अर्जदार संस्था असल्यास ठरावाची प्रत लागते. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जागेचा नकाशा. त्यात पदपथाची रुंदी, नळीची खोली व व्यास, दोन्ही खड्ड्यांची मापे आणि जवळची झाडे, खांब, गटार व नळजोडण्या स्पष्ट दाखवाव्यात. नकाशा नीट असला की अभियंत्यांची स्थळपाहणी लवकर उरकते. त्यानंतर पुनर्भरणाचे शुल्क आणि अनामत यांची मागणी होते. ती भरल्याची पावती व अर्जाचा आवक क्रमांक जपून ठेवावा. पावसाळ्याच्या तोंडावर खोदकामाच्या परवानग्या मिळणे अवघड होते, त्यामुळे हिवाळ्यात अर्ज केलेला बरा. रस्ता नुकताच सिमेंटचा झाला असल्यास कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष त्यानेच दुरुस्त करून देण्याची मुदत, सुरू आहे का, हेही विचारून घ्यावे.

खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे, याची खात्री करावी. 22 मार्च 2023 रोजी सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर खोदकामाची आगाऊ सूचना नोंदवता येते, परंतु घरगुती नळाच्या बारीक वाहिन्या अशा नोंदींत सापडतीलच असे नाही. आमच्या गल्लीत अशाच एका कामात सब्बल थेट नळाच्या पाइपात गेली आणि सहा घरांचे पाणी दोन दिवस बंद राहिले. शेजाऱ्यांना विचारणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

भारतीय मानक 1255 नुसार कमी दाबाची केबल किमान 75 सेंटीमीटर खोल असावी आणि रस्ता ओलांडताना ही खोली 1 मीटर धरावी. ज्या पदपथावर गाड्या चढतात, तेथे मी 1 मीटरच धरायला सांगेन. पाण्याच्या व दूरसंचाराच्या वाहिन्यांपासून 30 सेंटीमीटर अंतर राखावे. नागपूरच्या काळ्या मातीत पाण्याच्या झोताने बोगदा करण्याची पद्धत टाळावी, कारण ही माती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि वरचे गट्टू पहिल्याच पावसाळ्यात खचतात. जाड लोखंडी पाइप कोरडाच ठोकून पलीकडे नेणे, त्यातून आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल ओढणे आणि दोन्ही तोंडे बुजवणे अधिक टिकाऊ ठरते. जोडणी परवानाधारकाकडूनच करून घ्यावी, 30 मिलिअँपिअरचे गळतीरक्षक यंत्र (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे) बसवावे आणि चाचणी अहवाल मागून घ्यावा.

खड्डे मुरुमाने थराथराने धुमसून भरल्यावर, गट्टू बसवण्यापूर्वी व नंतर अशी दोन्ही वेळची छायाचित्रे काढावीत. अनामत परत मागण्याच्या अर्जासोबत ती आणि नळीचे प्रत्यक्ष स्थान दाखवणारा सुधारित नकाशा झोन कार्यालयात द्यावा, तसेच त्याच नकाशाची एक प्रत घराच्या मीटर पेटीत ठेवावी.