नोकरी-घर सांभाळून इटालियन शिकणाऱ्यांसाठी: आमच्या क्लासचं माहितीपत्रक

आमच्या पुण्यातल्या संध्याकाळच्या बॅचला येणारी मंडळी बहुतेक तिशी-चाळिशीच्या पुढची. कोणाचं ऑफिसचं काम बारामतीला पियाजिओ किंवा फेरेरो या इटालियन कंपन्यांशी, कोणाचं चाकणला तशाच ब्रेम्बोशी, कोणाची मुलगी मिलानला मास्टर्स करतेय, आणि काहींना नुसती मनापासून हौस आहे, तेही कारण आम्हाला तितकंच पुरेसं वाटतं. चौकशीला आले की सगळे दोनच गोष्टी विचारतात, या वयात जमेल का आणि वेळ कुठून काढायचा.

वयाचं आधी सांगतो. खुद्द इटलीतच लाखो लोक इटालियन मोठेपणी शिकलेत. 1861 मध्ये देश एक झाला तेव्हा घरात इटालियन बोलणारे फार थोडे होते, बाकी सगळे नेपल्सची, व्हेनिसची, सिसिलीची आपापली बोली बोलायचे. 1960 ते 1968 राई या सरकारी टीव्हीवर आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक मोठ्या कागदावर कोळशाने भराभर चित्रं काढून प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचे, आणि ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते दिवसभराचं काम उरकून गावातल्या एखाद्या हॉलमध्ये जमून तो तास बघायचे. त्यातून लाखो लोक प्राथमिक परीक्षा पास झाले. पुढे 1973 मध्ये तिथल्या धातू कामगारांनी आपल्या करारातच शिकण्यासाठी 150 पगारी तास मिळवले. म्हणजे दमून आल्यावर वही उघडणारी माणसं या भाषेला नवीन नाहीत, आणि म्हणून 'आता काय शिकणार' हे वाक्य आमच्याकडे आम्ही कोणाला मनावर घेऊ देत नाही.

वेळेचा हिशोब

खरं तेच सांगतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी येणाऱ्या माणसाला इटालियनमध्ये कामकाज करता येण्यासाठी साधारण 600 तास वर्ग धरते, तेही शिकणं हेच दिवसभराचं काम असलेल्या लोकांसाठी. रोज अर्धा तास धरला तर तीन वर्षांच्या वर जातात, त्यामुळे तीन महिन्यांत फाडफाड बोलाल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आम्हीही सांगणार नाही. पण दुकानात, स्टेशनवर, कलिगशी दोन शब्द बोलण्याइतकं त्याच्या कितीतरी आधी येतं.

आणि हा अर्धा तास वेगळा शोधत बसलात तर तो मिळत नाही, म्हणून जी कामं रोज होतातच त्यांच्यातच इटालियन घाला. किराण्याची यादी चिपोल्ला, आल्यो, लात्ते, फारीना अशी लिहा, भांडी घासताना 'लावो इ पिआत्ती' असं मोठ्याने म्हणा, बसमध्ये राईचा रेडिओ लावा, तो इंटरनेटवर फुकट आहे, काही कळलं नाही तरी चालेल, सुरुवातीला कानाला फक्त चाल कळायला हवी. तुल्लिओ दे माउरो या भाषातज्ज्ञांनी 1980 मध्ये नेहमीच्या वापरातल्या सुमारे 7000 शब्दांची यादी केली होती, 2016 मध्ये ती नव्याने आली, त्यातले पहिले 2000 शब्द सगळ्यात जास्त लागतात आणि आमच्या पहिल्या वर्षाचे शब्द आम्ही तिथूनच निवडतो. अ‍ॅप वापरा, शब्दांना बरं असतं, पण बोलायला माणूस लागतो.

मराठी सोडू नका

हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण शाळेत इंग्रजी शिकलो म्हणून प्रत्येक परकी भाषा इंग्रजीतून समजून घ्यायची सवय लागलीय आणि इटालियनला ती सवय नडते. त आणि द अगदी आपलेच आहेत, 'तुत्तो' म्हणायचं, 'टुट्टो' नाही. जोडाक्षराचा जोर आपल्याला जन्मापासून येतो, तिकडे सेते म्हणजे तहान आणि सेत्ते म्हणजे सात, इंग्रजीतून येणाऱ्यांना हा फरक ऐकू यायलाच वेळ लागतो. 'मला कॉफी आवडते' हे 'मी पिआचे इल काफ्फे', आणि 'मला पुस्तकं आवडतात' म्हणताना क्रियापद जसं आपण बदलतो तसंच तिकडेही 'मी पिआच्चोनो इ लीब्री' होतं. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली म्हणतो ना, तसं आधी सांगून झालेल्या वस्तूबद्दल तेही बोलतात, 'तो खाल्ला' म्हणजे 'लो मांजातो', 'ती खाल्ली' म्हणजे 'लो मांजाता'. इंग्रजी पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात, आपल्या मंडळींना ते एका संध्याकाळी कळतं.

अवघड काय आहे तेही सांगतो. दि, दा, आ, इन ही छोटी अव्ययं पुढच्या आर्टिकलला चिकटून देल, दाल, नेल अशी होतात, ती वर्षभर त्रास देतात, आणि नियमापेक्षा वाक्यं ऐकूनच बसतात. वस्तूंचं लिंग आपल्याला नवीन नाही पण त्यांचं वेगळं आहे, म्हणून शब्द नेहमी आर्टिकलसकट पाठ करा. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाशी 'लेई' वापरायचं, त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी असतं, तिथे सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो.

परीक्षा आणि इटलीला जाणारे

इटालियनची परीक्षा म्हणजे सिएना शहराची चिल्स किंवा पेरुजा शहराची चेली, ती हौसेने शिकणाऱ्यांनी द्यायलाच हवी असं अजिबात नाही. लग्नाने किंवा तिथे राहून नागरिकत्व मागायचं असेल तर 2018 च्या शेवटापासून बी1 ही भाषेची मधली पातळी लागते. मास्टर्सला जाणाऱ्यांचा कोर्स इंग्रजीत असला तरी तिथे पोचल्यापासून 8 कामाच्या दिवसांत राहण्याच्या परमिटचा अर्ज करावा लागतो, घरमालकाशी बोलावं लागतं, म्हणून निघायच्या आधी निदान ए2, म्हणजे बी1 च्या खालची पातळी, करून जा. तिथे गेल्यावर सीपीआयए नावाच्या प्रौढांच्या सरकारी शाळा शोधा, बाहेरून आलेल्यांना त्या इटालियन शिकवतात.

तास बुडला तर दुसऱ्या बॅचला बसा, आधी फोन केला तर बरं, नाही जमला तरी या. पहिल्या दिवशी वही आणि तुमची या आठवड्याची किराण्याची यादी घेऊन या, तिथूनच सुरू करतो.