गल्लीतली शांतता आणि हमरस्त्यावरची बस

ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेथम वेल्स या वस्तीत तिथल्या स्थानिक लॅम्बेथ कौन्सिलनं ‘लो ट्रॅफिक नेबरहूड’, म्हणजे कमी वाहतुकीची वस्ती, ही योजना सुरू केली. वस्तीला लागूनच स्ट्रेथम हाय रोड आहे. लंडनहून ब्रायटनकडे जाणाऱ्या ए २३ या मोठ्या रस्त्याचा हा भाग, आणि दक्षिण लंडनच्या अनेक बस इथूनच जातात. काही महिन्यांतच या रस्त्यावर जेमतेम तीन मैलांसाठी बसला दोन तास लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. महापौर सादिक खान यांनीही या योजनेमुळे मोठ्या अडचणी होत असल्याचं जाहीरपणे म्हटलं आणि मार्च २०२४ मध्ये कौन्सिलनं ती स्थगित केली.

योजनेची कल्पना साधी आहे. वस्तीच्या आतले रस्ते राहणाऱ्यांसाठी असावेत, हमरस्त्यावरची गर्दी टाळून पलीकडे निसटणाऱ्या गाड्यांसाठी नसावेत. म्हणून ठरावीक ठिकाणी मोठ्या लाकडी कुंड्या किंवा खांब उभे करतात, नाहीतर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा बसवतात. पायी आणि सायकलनं आरपार जाता येतं, मोटारीला येत नाही. प्रत्येक घरापर्यंत मोटार पोचते, पण वस्तीतून शॉर्टकट मारता येत नाही. ईशान्य लंडनमधल्या वॉल्थम फॉरेस्ट या भागात हे २०१४-१५ पासून सुरू होतं. २०२० च्या साथीत सरकारी निधी आला आणि लंडनभर अशा योजना भराभर उभ्या राहिल्या.

मी या योजनांच्या बाजूचा आहे. मुलांना एकट्यानं शाळेत चालत जाता येईल असा रस्ता शहरानं द्यायलाच हवा. पण त्या शांत गल्लीची किंमत हमरस्त्यावर बसमध्ये उभ्यानं जाणाऱ्या माणसानं मोजायची असेल, तर ते मला मान्य नाही. म्हणूनच ही किंमत नेमकी कशी तयार होते, हे समजून घ्यायला हवं.

आधी गाड्यांची गणती पाहू. वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी लंडनच्या ४६ योजनांची आकडेवारी एकत्र केली आणि जानेवारी २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. वस्त्यांच्या आत मोटारी सरासरीनं जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. सीमेवरच्या रस्त्यांवरची वाढ सरासरीनं एक टक्क्याहूनही कमी होती. आतल्या सगळ्याच गाड्या बाहेर आल्या नाहीत. काही फेऱ्या बंद झाल्या, काही पायी होऊ लागल्या, काहींची वेळ बदलली. वाहतूक अशी ‘विरून जाते’ हे जुनं निरीक्षण आहे. केर्न्स, ॲटकिन्स आणि गुडविन या वाहतूक-संशोधकांनी अकरा देशांतली सत्तरहून अधिक उदाहरणं तपासली होती. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी तरी, पूर्वी त्या भागात दिसणाऱ्या गाड्यांपैकी ११ टक्क्यांहून अधिक गाड्या आसपासच्या रस्त्यांवरही सापडल्या नाहीत.

मग बस का अडकते? कारण ती सरासरी रस्त्यावरून जात नाही. एक टक्का वाढीच्या त्या सरासरीत काही रस्त्यांवर वाहतूक घटलेली आहे, काहींवर वाढलेली. ज्या प्रवाशाची बस वाढलेल्या रस्त्यावरून जाते, त्याला दुसऱ्या भागातल्या घटीचा काय उपयोग?

त्याहून महत्त्वाचं कारण सिग्नलवर आहे. समजा, एका चौकातून एका दिशेनं तासाला १००० गाड्या सुटू शकतात आणि ९५० येतात. रांग लागते, पण पुढच्या एक-दोन हिरव्या दिव्यांत संपते. आता १०५० येऊ लागल्या. वाढ साधारण दहा टक्क्यांची, पण दर तासाला ५० गाड्या मागे उरतात. दोन तासांनी १०० गाड्यांची रांग होते. एकाच लेनमध्ये असेल तर ती सहाशे मीटरच्या आसपास जाते, आणि शेवटच्या गाडीला त्या एका चौकात सहा मिनिटं थांबावं लागतं. रांग मागच्या चौकापर्यंत पोचली की तोही अडतो, तिथून आडव्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचा रांगेशी काही संबंध नसला तरी. क्षमतेच्या काठावर असलेल्या रस्त्यावर थोड्या वाढीनं फार मोठा विलंब होतो तो असा. त्याच रस्त्यावर दुपारी दोन वाजता एवढीच वाढ झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वळणाऱ्या गाड्यांचा त्रास वेगळाच. पूर्वी दहा गल्ल्यांमध्ये विभागून शिरणाऱ्या गाड्या आता दोन-तीन तोंडांशी गोळा होतात. ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणारा प्रवाह ओलांडावा लागतो. वळायला संधी मिळेपर्यंत तो थांबतो आणि अरुंद रस्त्यावर त्याच्यामागे सगळेच थांबतात. मोजणीत ही फक्त एक मोटार असते. तिच्यामागच्या दुमजली बसमध्ये सत्तर-ऐंशी माणसं असू शकतात. गाड्या मोजल्या तर दोन्ही सारख्याच ठरतात. मोजायचा तो माणसांचा विलंब.

उशीर झालेली बस आणखी उशिरा पोचते, हेही गणितानं दाखवता येतं. बस मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त लोक जमलेले असतात. ते चढायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे ती अजून मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात आणि ती जवळ येत जाते. शेवटी दोन बस जोडीनं धावू लागतात. दर दहा मिनिटांनी बस येत असेल तर वेळापत्रक न पाहता कधीही थांब्यावर पोचणाऱ्याला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बस जर दोन मिनिटांच्या आणि अठरा मिनिटांच्या अंतरानं आलटून पालटून आल्या तर ही सरासरी ८.२ मिनिटं होते, कारण बहुतेक लोक अठरा मिनिटांच्या मोठ्या खंडातच येऊन पोचतात. बस एकही कमी झालेली नाही, तरी प्रतीक्षा दीडपटीहून जास्त. लंडनमध्ये या वाढीव प्रतीक्षेचं वेगळं मोजमाप ठेवतात, ते याचसाठी.

बस चालवणाऱ्यांचाही हिशेब बिघडतो. जाऊन-येऊन फेरी साठ मिनिटांची असेल तर दर दहा मिनिटांना बस देण्यासाठी सहा बस लागतात. फेरी सत्तर मिनिटांची झाली की सात लागतात. सातव्या बसचे आणि तिच्या चालकांचे पैसे नसतील तर वेळापत्रकातलं अंतर वाढवावं लागतं. बेस्ट आणि पीएमपीलाही कोंडीत हेच गणित सोडवावं लागतं. लंडनमध्ये प्रवासी वर्षाला सुमारे १८० कोटी वेळा बसनं प्रवास करतात, आणि मोटार परवडत नसलेल्यांचा व वयस्करांचा बसवरच जास्त भर असतो.

स्ट्रेथमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. त्याच काळात ए २३ वर रस्त्याची कामंही सुरू होती. अडथळ्याचा किती भाग कुंड्यांचा आणि किती खोदकामाचा, हे नुसतं आधीचं आणि नंतरचं पाहून ठरत नाही. २०२० च्या योजनांबाबत हा पेच आणखी मोठा आहे. ‘आधी’ म्हणजे टाळेबंदीतले रिकामे रस्ते आणि ‘नंतर’ म्हणजे शहर पुन्हा सुरू झालेलं. त्यासाठी योजना नसलेला, पण तशाच वर्दळीचा दुसरा रस्ता शोधून दोन्हींवरच्या बदलांची तुलना करावी लागते. सामग्री तयार आहे. लंडनच्या प्रत्येक बसची जागा उपग्रहांच्या मदतीनं सतत नोंदली जाते, म्हणजे कोणत्या दोन थांब्यांमध्ये कोणत्या वेळी किती मिनिटं गेली हे कळतं. माझं मत असं की कुंड्या ठेवण्याआधी निदान एका वर्षाच्या या नोंदी लोकांसमोर ठेवाव्यात, आणि सीमेवरच्या रस्त्यावरची बस लेन आधी आखावी, वस्ती नंतर बंद करावी. बस लेनमुळे एखाद्या ठिकाणी मोटारींची रांग लांबली तरी बस त्या रांगेत उभी नसते. बस येताना दिसली की हिरवा दिवा थोडा लांबवणारे सिग्नलही लंडनमध्ये आहेत.

बेल्जियमच्या गेंट शहरानं एप्रिल २०१७ मध्ये मध्यवर्ती भागाभोवती सहा विभाग पाडले. मोटारीला एका विभागातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, वळसा घालून बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यानं जावं लागतं. बस आणि ट्रामला मात्र सरळ जाता येतं. तिथे मोटार एका वस्तीतून काढून शेजारच्या रस्त्यावर ढकललेली नाही. सगळ्या शहराचा आराखडा एकाच वेळी बदलला.

ऑक्सफर्डमध्ये गोष्टी उलट क्रमानं घडल्या. काउली आणि पूर्व ऑक्सफर्डच्या वस्त्या २०२१ आणि २०२२ मध्ये बंद झाल्या, आणि लगतच्या हमरस्त्यांवर वेग घटल्याची तक्रार बस कंपन्यांनी जाहीरपणे केली. मुख्य रस्त्यांवर बसला सोडणारे आणि बिनपरवाना मोटारींना अडवणारे सहा फिल्टर बसवायची योजना त्याआधीच अमलात यायला हवी होती, ती मागे राहिली. १५९ विद्युत बसच्या गुंतवणुकीसाठी कंपन्यांनी घातलेली अटही याच्याशीच जोडलेली होती: बसचा प्रवासवेळ दहा टक्क्यांनी घटला पाहिजे. स्टेशनजवळचा बॉटली रोड पुन्हा खुला झाल्यावर फिल्टरांची चाचणी व्हायची आहे. तोपर्यंत, ऑक्टोबर २०२५ पासून, त्याच सहा ठिकाणी बिनपरवाना मोटारींना दिवसाला पाच पौंड भरावे लागतात. चाचणी सुरू होईल तेव्हा सरासरी वेगाबरोबर काउली रोडवर सकाळी आठ ते नऊच्या दरम्यानच्या सर्वांत रखडलेल्या बसला किती मिनिटं लागली, हेही पाहायला हवं. कामावर वेळेत पोचायला घरून किती लवकर निघायचं, हे प्रवासी त्या बसवरूनच ठरवतो.