लहान मेंदूचा गर्भावस्थेतील विकास व त्याचे विकार

मोठ्या मेंदूच्या खाली, डोक्याच्या मागच्या बाजूस असणाऱ्या भागाला लहान मेंदू किंवा अनुमस्तिष्क म्हणतात. शरीराचा तोल सांभाळणे, हालचालींना अचूकता आणणे ही त्याची ठळक कामे असून भाषा आणि भावना यांच्याशीही त्याचा संबंध आहे. संपूर्ण मेंदूच्या वजनात त्याचा वाटा साधारण एक दशांश असला, तरी मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी पेशी एकट्या लहान मेंदूत असतात.

गर्भधारणेनंतरच्या दुसऱ्या महिन्यात, चेतानलिकेतील (गर्भातील जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात त्या नळीतील) मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्या सीमेलगत त्याची घडण सुरू होते. त्याच्या पेशी दोन ठिकाणी जन्मतात. चौथ्या मस्तिष्क-विवराच्या (मेंदूतील द्रवाने भरलेल्या एका पोकळीच्या) अस्तरातून पुरकिन्ये पेशी (शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी १८३७ मध्ये वर्णिलेल्या मोठ्या चेतापेशी) आणि इतर निरोधक, म्हणजे संदेशांना आवर घालणाऱ्या, पेशी तयार होतात; तर विवराच्या काठावरील ‘ऱ्हॉम्बिक लिप’ या पट्ट्यातून कणिका पेशींच्या (लहान मेंदूतील बहुसंख्य, इवल्याशा चेतापेशींच्या) पूर्वज पेशी निघतात. या पूर्वज पेशी आधी लहान मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात, तेथे झपाट्याने विभागतात, आणि मग तयार झालेल्या कणिका पेशी आधारपेशींच्या तंतूंचा माग धरून पुरकिन्ये पेशींना ओलांडत आत उतरतात. या विभाजनाला चालना देणारे ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन पुरकिन्ये पेशीच स्रवतात. हीच संदेशयंत्रणा आवरेनाशी झाली, तर बालवयातील मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाचा एक प्रकार उद्भवतो. पृष्ठभागावरील पूर्वज पेशींचा थर जन्मानंतरही कित्येक महिने टिकून असतो. मेंदूच्या ज्या भागांची घडण लवकर सुरू होऊन फार उशिरा संपते, त्यांत लहान मेंदू मोडतो आणि त्याला इजा पोहोचण्याचा काळही त्यामुळेच लांबतो.

पुण्यातील गरोदर स्त्रियांची लहान मेंदूशी पहिली ओळख बहुधा पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत, म्हणजे ‘ॲनोमली स्कॅन’मध्ये होते. पडद्यावर तो आडव्या डंबेलसारखा दिसतो: दोन बाजूंना दोन गोलार्ध आणि मध्ये त्यांना जोडणारा वर्मिस हा अरुंद भाग. या सुमारास त्याची रुंदी जितके आठवडे तितके मिलिमीटर, म्हणजे विसाव्या आठवड्यात साधारण २० मिलिमीटर भरते. त्याच्या मागची पाण्याची जागा १० मिलिमीटरपेक्षा मोठी दिसली, तर तपासणी पुढे न्यावी लागते. वर्मिस चौथ्या विवरावर खाली उतरत वाढतो आणि ते विवर पूर्ण झाकले जाण्यास अठरा ते वीस आठवडे लागतात. त्याआधी ‘वर्मिस अपुरा आहे’ असे ठामपणे सांगणे धोक्याचे आहे. थोडे थांबून पुन्हा सोनोग्राफी आणि गरजेनुसार गर्भाचा एमआरआय करणे हेच रास्त ठरते.

डँडी-वॉकर विकृतीत वर्मिस खुरटा राहतो, वर सरकतो आणि चौथे विवर फुगून पुटीसारखे होते. अनेक मुलांच्या डोक्यात पाणी साठते. मात्र इतर दोष नसल्यास काहींची बौद्धिक वाढ सर्वसाधारण असते. किआरी-२ विकृती पाठीच्या कण्यातील उघड्या फटीबरोबर आढळते. तिच्यात लहान मेंदू खाली ओढला जाऊन सोनोग्राफीत केळ्यासारखा वाकलेला दिसतो. गर्भ राहण्यापूर्वीपासून घेतलेल्या फॉलिक ॲसिडने या फटीचा धोका बराच घटतो. अवघ्या सव्वीस-सत्तावीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाचा लहान मेंदू ऐन वाढीच्या भरात असतो. २४ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढायचे असते. अशा बाळांत लहान मेंदूतील रक्तस्राव आणि खुंटलेली वाढ यांचा पुढे चालण्या-बोलण्यावर परिणाम होऊ शकतो.

२०२१ च्या सुधारित वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. पुण्यात यासाठी ससून रुग्णालयातील मंडळाकडे जावे लागते. मंडळाने परवानगी दिली तरी गर्भपात करायचा की नाही, हे त्या स्त्रीनेच ठरवायचे असते, म्हणून नेमके निदान तिच्या हाती वेळेत पडणे फार महत्त्वाचे आहे.

जूबेर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात वर्मिस खुरटलेला असतो आणि एमआरआयवर मस्तिष्कस्तंभाचा वरचा भाग दाढेसारखा दिसतो. नवजात बाळाचा श्वास काही क्षण धापा टाकल्यासारखा जलद होतो, मग थांबतो. डोळे अस्थिर राहतात, अंग ढिले असते. पेशींवरील सूक्ष्म केसांशी निगडित तीसहून अधिक जनुकांतील दोष यामागे सापडले आहेत आणि बहुतेकदा आईवडील दोघेही तो दोष नकळत बाळगून असतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. एका मुलात दोष नेमका कळला, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणी असलेला २५ टक्के धोका अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतो.