भूकंपाची महत्ता आणि तीव्रता

भूकंप मोजताना दोन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात. जमिनीखाली केवढी घटना घडली हे सांगणारा आकडा म्हणजे महत्ता किंवा परिमाण. अमुक ठिकाणी जमीन किती जोराने हादरली हे सांगणारी श्रेणी म्हणजे तीव्रता. एका भूकंपाची महत्ता एकच असते, तीव्रता मात्र गावागणिक बदलते. बातम्यांत महत्तेलाच सर्रास ‘तीव्रता’ म्हटले जाते आणि ‘सहा रिश्टर स्केलचा धक्का’ अशी वाक्ये छापून येतात, जणू रिश्टर स्केल हे किलो किंवा मीटरसारखे एकक आहे. महत्तेला एकक नसते. रिश्टर स्केल नावाचे यंत्रही कुठे नाही. यंत्र असते ते भूकंपमापक.

हादरा कसा जाणवतो : खडकांत साचत गेलेला ताण सहन होईनासा झाला की ते प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगेच्या, दोन्ही बाजूंनी एकाएकी सरकतात. सरकणे जिथून सुरू होते ती भूकंपनाभी आणि तिच्या नेमका वर, भूपृष्ठावर असतो तो केंद्रबिंदू. नाभीतून निघालेल्या लहरींपैकी प्राथमिक लहरी पृथ्वीच्या कवचातून सेकंदाला साधारण ६ किमी वेगाने येतात. त्या खडकाला पुढेमागे दाबत येतात, त्यामुळे खिडक्यांची तावदाने थरथरतात, जवळून अवजड ट्रक गेल्यासारखी घरघर ऐकू येते. पुष्कळांना हा भूकंप आहे हे या क्षणी कळतच नाही. मागून सुमारे ३.५ किमी वेगाने येणाऱ्या दुय्यम लहरी जमीन आडवी हलवतात. तोल जातो तो यांच्यामुळे. शेवटी पृष्ठीय लहरी येतात, आणि दूरच्या मोठ्या भूकंपात नावेत बसल्यासारखे डोलणे जाणवते ते त्यांचे.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून अंतर ताडतात, तसेच इथेही करता येते. पहिली थरथर आणि जोराचा हिसका यांमधल्या सेकंदांना ८ ने गुणले की भूकंपनाभीचे अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळते. ५ सेकंद गेले तर सुमारे ४० किमी. भूकंपाची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणाही याच फरकावर चालतात. केंद्रबिंदूच्या अगदी जवळ मात्र दोन्ही लहरी जवळपास एकदमच पोचतात आणि सूचनेला वेळच उरत नाही.

एकच तीक्ष्ण हिसका बसून सगळे थांबले, तर बहुधा भूकंप लहान आणि जवळचा. संथ हेलकावे बराच वेळ चालू राहिले, तर बहुधा मोठा आणि दूरचा. मोठ्या भूकंपात भेगेला धावायलाच वेळ लागतो : २००४ च्या सुमात्रा भूकंपात सुमारे १,३०० किमी लांबीचा प्रस्तरभंग फाटत जायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला. अंदाज बांधताना आपण कुठे होतो हेही लक्षात घ्यावे लागते. वरच्या मजल्यावर पंखे आणि टांगलेले दिवे झुलत असताना खाली रस्त्याने चालणाऱ्याला पत्ताही नसतो.

तीव्रता : ही यंत्राआधीची मोजणी. इटालियन शास्त्रज्ञ ज्युझेप्पे मर्काली यांनी १९०२ मध्ये मांडलेली श्रेणी पुढे बारा पायऱ्यांची झाली, आणि वुड व न्यूमन यांनी १९३१ मध्ये तिला सुधारित रूप दिले. अंक रोमन लिहितात, म्हणजे महत्तेशी गल्लत होत नाही. पहिल्या पायरीवर क्वचितच कोणाला काही जाणवते, चौथीवर भांडी आणि दारे-खिडक्या वाजतात, पाचवीवर झोपलेली माणसे जागी होतात, सातवीवर कच्च्या बांधकामांची मोठी हानी होते, पण नीट बांधलेली घरे बहुतांशी टिकतात, बारावीवर सर्वनाश. जपानची स्वतंत्र ‘शिंदो’ श्रेणी ० ते ७ अशी असून ५ व ६ चे दोन-दोन भाग केल्यामुळे तिच्या एकूण दहा पायऱ्या होतात. तिची तीव्रता आता जमिनीवरील यंत्रांच्या नोंदींवरून काढतात. म्हणून माणसाने सांगितलेले अनुभव निकालात निघालेले नाहीत : भूकंपमापक नव्हते त्या काळातल्या भूकंपांचा अंदाज जुन्या पत्रांतील आणि बखरींतील वर्णनांवरूनच बांधावा लागतो.

महत्ता : चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी आपले मापन मांडले. केंद्रबिंदूपासून १०० किमीवरील ठरावीक प्रकारच्या भूकंपमापकावर १ मिमी उंचीची रेघ उमटली तर महत्ता ३, १ सेंमी उमटली तर ४. प्रत्येक पायरीला रेघ दसपट होते. रेघांच्या उंचीत एवढी तफावत होती की त्या एका कागदावर बसवायला लॉगरिथम वापरण्याखेरीज गत्यंतर नव्हते. बाहेर पडणारी ऊर्जा मात्र एका पायरीला सुमारे ३२ पट आणि दोन पायऱ्यांना १,००० पट वाढते. ७ चा भूकंप ६ च्या भूकंपापेक्षा ‘थोडा मोठा’ नसतो तो यामुळे. या मोजपट्टीचे शून्य म्हणजे निसर्गातील किमान मर्यादा नव्हे. अतिसूक्ष्म धक्क्यांची महत्ता ऋण येते.

रिश्टरचे मापन फार मोठ्या भूकंपांपुढे तोकडे पडते. भेग कितीही लांब धावली तरी रेघ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. म्हणून आज मोठ्या भूकंपांसाठी टॉमस हँक्स व हिरू कानामोरी यांनी १९७९ मध्ये मांडलेली आघूर्ण महत्ता वापरतात. खडकाची दृढता, सरकलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ आणि सरकण्याचे सरासरी अंतर यांच्या गुणाकारावरून ती काढतात. या हिशेबाने नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप १९६० चा चिलीतला, ९.५ चा.

आकडा लहान, हानी मोठी : न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चजवळ सप्टेंबर २०१० मध्ये ७.१ महत्तेचा भूकंप झाला. केंद्रबिंदू शहरापासून सुमारे ४० किमीवर होता. इमारतींचे नुकसान झाले, पण कोणी चिरडून मेले नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ६.२ चा झाला. ऊर्जा आधीच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढी, पण नाभी उथळ आणि शहराला लागून. १८५ माणसे दगावली. मेक्सिको सिटीत १९८५ साली उलटे घडले. ८ महत्तेच्या भूकंपाचा केंद्रबिंदू ३०० किमीहून अधिक दूर होता, पण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला. गाळाने साधारण दोन सेकंदांच्या आवर्तनाच्या लहरी कित्येक पट वाढवल्या आणि त्याच तालात डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. शेजारच्या ठेंगण्या इमारती बऱ्याच अंशी वाचल्या.

पहिल्या काही मिनिटांत जाहीर होणारा आकडा बहुधा पुढे बदलतो, कारण दूरच्या केंद्रांवरील संथ लहरी पोचायला वेळ लागतो. एरवी ही दुरुस्ती दशांशापुरती असते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या हवामान खात्याने पहिला अंदाज ७.९ दिला होता आणि त्सुनामीचा पहिला इशारा त्यावरच बेतला होता. अंतिम आकडा ९.० ठरला.